अर्जातला ‘व्हावा’ आणि गाण्यातला ‘उठवू’



गाऱ्हाणे सरकारदरबारी न्यायचे म्हणजे अर्ज आला. त्याची भाषा ठरलेली: ‘शेतसारा माफ व्हावा, ही विनंती.’ आपण हात जोडून उभे. करणारा कोणी दुसराच.

1938 साली पूर्व खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात, ओला दुष्काळ पडला. पिके गेली, सारा मात्र डोक्यावर राहिला. तेव्हा सारामाफीसाठी शेतकऱ्यांना एकत्र केले ते साने गुरुजींनी. 1924 पासून अमळनेरच्या शाळेत शिकवणारा हा माणूस. 1930 साली वर्ग सोडून सत्याग्रहात उतरला आणि धुळ्याचा तुरुंगही पाहून आला. शेतकऱ्यांसाठी त्यांनी रचलेले ‘आता उठवू सारे रान’ हे गीत आपण ऐकले असेल. त्याची घडण जरा पाहू या.

धृपदाचे हे चारच शब्द. पहिल्या तिघांच्या मात्रा चार-चार, शेवटच्याच्या तीन. टाळी धरून म्हणा: प्रत्येक टाळीला एक शब्द पडतो आणि शेवटी उरल्या जागेत दम घेता येतो. मोर्चातल्या पावलांचाही ठेका हाच.

कडव्यात आधी दोन आखूड ओळी आपसांत यमक जुळवतात; मग एक लांब ओळ येते आणि पुन्हा ‘रान’ या नादावर टेकते. तो नाद कानी पडला की समुदायाला कळते, आता पाळी आपली! हाती पुस्तक नको, अक्षरओळखही नको. एका कडव्यात तर ‘ड’ लागोपाठ येतो, जणू डफावर थाप.

शब्दही कसा निवडला पाहा. रान म्हणजे जंगल, तसे रान म्हणजे आपले शेत. आणि ‘रान उठवणे’ म्हणजे चहूकडे हाक पोचवणे.

पण खरी मेख आहे क्रियापदात. धृपदात ‘आम्ही’ हा शब्दच नाही, तरी सगळे त्यात येतात. मराठीत ‘करू’ म्हणजे ‘आम्ही करणार’, आणि ‘चला, करू’ असे बोलावणेही. गाणारा स्वतः निश्चय करतो आणि शेजाऱ्याला हाकही देतो. अर्जातला ‘व्हावा’ जाऊन ‘उठवू’ आला, तो असा.

शिक्षक मित्रहो, व्याकरणाच्या तासाला फळ्यावर अर्जाचे वाक्य लिहा, त्याखाली हे धृपद लिहा आणि मुलांना एकच विचारा: इथे करणारा कोण?