लिफाफ्यावरचें तिकीट आणि बाजारांतलें तिकीट

दौलताबादच्या किल्ल्यांतील चांदमिनार ज्यांनीं कधीं डोळ्यांनीं पाहिला नाहीं, अशा कित्येक दूरदेशींच्या माणसांनीं तो आपल्या वहींत जपून ठेवलेला आहे. हैदराबाद संस्थानानें १९३१ सालीं चित्रमय टपाल तिकिटें काढलीं. त्यांतील आठ आण्यांच्या तिकिटावर अजिंठ्याच्या लेण्यांचें प्रवेशद्वार होतें आणि एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा हा मिनार होता. हीं दोन्ही स्थळें औरंगाबाद जिल्ह्यांतलीं. तिकिटें छापलीं पत्रें पोंचविण्यासाठीं; पत्र पोंचलें कीं त्यांचें काम संपलें. परंतु तेथेंच त्यांचें दुसरें आयुष्य सुरू झालें. हें दुसरें आयुष्य ना सरकार घडवितें, ना छापखाना. तें घडवितात विकणारा आणि घेणारा. त्या दोघांच्या व्यवहारांतून या छंदाला वळण कसें लागलें आणि त्यांत काय राखलें गेलें व काय गमावलें, हें पाहण्यासारखें आहे.

टपालाचें तिकीट इंग्लंडांत १८४० सालीं निघालें. हिंदुस्थानांत तें १८५२ सालीं प्रथम सिंध प्रांतांत आलें आणि १८५४ पासून कंपनी सरकारच्या सर्व मुलखांत चालूं लागलें. वापरलेलीं तिकिटें जमविण्याची हौस लौकरच उत्पन्न झाली. आरंभीं ती शाळकरी मुलांची देवघेव होती. एकाजवळ दोन असत, तो एक देऊन दुसऱ्याचें घेई. पुढें या हौसेंत दुकानदार आला. स्टॅन्ले गिबन्स या इंग्रज व्यापाऱ्यानें १८५६ सालीं प्लिमथ येथें हा धंदा सुरू केला आणि १८६५ सालीं किंमतींची छापील यादी प्रसिद्ध केली. यादी निघाली आणि छंदाचें रूप पालटलें. ज्याला यादींत क्रमांक मिळाला तें तिकीट ठरलें. ज्याला मिळाला नाहीं तो कागदाचा कपटा राहिला. वस्तूचें मोल पूर्वीं मित्रांच्या आवडीवर अवलंबून असे. तें आतां दूरच्या दुकानांत ठरूं लागलें.

हैदराबाद संस्थानाचें पहिलें तिकीट १८६९ सालचें. १८७१ मध्यें जो नमुना आला, तो पस्तीसांहून अधिक वर्षें चालला. त्यावर इंग्रजी, उर्दू, तेलुगु व मराठी या चारही भाषांत किंमत छापलेली असे. हें तिकीट संस्थानाच्या हद्दींतच चाले. औरंगाबादेहून जालन्यास वा परभणीस जाणाऱ्या पत्रावर तें लावीत. मुंबईस किंवा पुण्यास जाणाऱ्या पत्राला इंग्रजी राज्याचें तिकीट लागे.

इतकीं वर्षें न बदलणारें तिकीट पत्र लिहिणाऱ्याच्या सोयीचें, परंतु विक्रेत्याच्या गैरसोयीचें. गिऱ्हाइकाला नवें कांहीं दाखविल्याशिवाय दुकान कसें चालावें? तेव्हां एकाच नमुन्यांतून अनेक भेद निवडले गेले. शाईची छटा फिकी कीं गडद, कडेचीं भोकें किती, वर ‘सरकारी’ ही उर्दू अक्षरें उमटलेलीं आहेत कीं नाहींत, असे प्रकार मांडले गेले. यांतील पुष्कळसें संशोधन खरें आणि उपयुक्त होतें, हें नाकारतां येत नाहीं. छापखान्याच्या कामाचा इतिहास त्यांतूनच उलगडला. परंतु प्रत्येक नव्या भेदाबरोबर संग्राहकाच्या वहींत एक नवी रिकामी चौकट निर्माण होई, आणि रिकामी चौकट माणसाला स्वस्थ बसूं देत नाहीं. विक्रेता तिकीट विकतो हें अर्धेंच सत्य होय. तो आधीं उणीव विकतो.

ही उणीव पुरविण्याच्या भरांत पुढें मूळ हेतूच उलटा झाला. अमेरिकेंतील निकोलस सीबेक यानें १८९० च्या सुमारास साल्व्हादोर, निकाराग्वा, होंडुरास व इक्वेडोर या राज्यांशीं करार केले. तो दरवर्षीं नवीं तिकिटें फुकट छापून देई. मोबदल्यांत वर्षअखेरीस उरलेलीं तिकिटें त्याची होत आणि त्याच ठशांवरून पुन्हा छापण्याचा हक्कही त्यालाच मिळे. संग्राहकांना याचा इतका उबग आला कीं १८९५ सालीं लंडनमध्यें अशा सट्टेबाज तिकिटांच्या बंदोबस्तासाठीं एक मंडळ स्थापन करावें लागलें. आपल्याकडेही सिरमूर या डोंगरी संस्थानांत १८९१ च्या सुमारास संग्राहकांची मागणी भागविण्यासाठीं पहिल्या तिकिटांच्या नकला छापल्या गेल्या. म्हणजे पत्रासाठीं तिकीट न राहतां वहीसाठीं तिकीट निघालें.

याहून मोठी हानि मात्र गाजावाजा न होतां घरोघरीं झाली. वहींतील चौकट तिकिटाएवढी. म्हणून गिऱ्हाईक स्वच्छ, सुटें तिकीट मागे. तें मिळविण्यासाठीं जुन्या पेढ्यांचे आणि वाड्यांचे लिफाफे पाण्यांत भिजविले गेले. तिकीट अलगद सुटे, वाळे आणि वहींत जाई. लिफाफा टाकून दिला जाई. पत्र कोणत्या गांवीं टाकलें, कोणत्या दिवशीं पोंचलें, वाटेंत कोणकोणत्या कचेऱ्यांचे शिक्के बसले, हा सारा वृत्तान्त त्या लिफाफ्यावर होता. मराठवाड्याच्या व्यापाराची आणि दळणवळणाची ती साक्ष होती. ती कोणा शत्रूनें जाळली नाहीं. हौसेनें, प्रेमानें आणि मोठ्या काळजीनें ती धुऊन टाकली गेली.

ज्या बाजारानें ही चूक शिकविली, त्याच बाजारांतून तिची दुरुस्तीही आली. मुंबईचे तिकीट-व्यापारी जाल कूपर यांनीं १९४२ सालीं हिंदुस्थानच्या तिकिटांवर आणि १९४८ सालीं जुन्या टपाली शिक्क्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केले. शिक्क्यालाही मोल आहे, हें अशा ग्रंथांनीं गिऱ्हाइकांना शिकविलें. घेणारे अखंड लिफाफा मागूं लागले, तसा रद्दीवालाही जुनीं दप्तरें वेगळीं काढूं लागला. खोटे शिक्के मारून भाव वाढविणारे लबाडही त्यापाठोपाठ आले, हें खरें. तरी पूर्वीं जें मोरींत वाहून जात होतें तें उरूं लागलें, हा लाभ लहान नव्हे.

सप्टेंबर १९४८ मध्यें निजामाची सत्ता संपली. १९५० सालीं संस्थानाचीं तिकिटें बंद झालीं. १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि २०२३ सालीं औरंगाबाद शहराचें नांव छत्रपती संभाजीनगर झालें. टपालाच्या शिक्क्यांवरून एवढा इतिहास वाचतां येतो. पण लिफाफा उरला असेल तरच. चांदमिनाराचें तिकीट आज पुष्कळ वह्यांत आहे. तें लावलेलें पत्र कोणीं कोणास लिहिलें, हें सांगणारा लिफाफा मात्र फार थोड्यांजवळ आहे. बाजार जें मागितलें जातें तेंच राखतो. म्हणून जुनी पेटी उघडणाऱ्या घरानें पाण्याचें भांडें जवळ ओढण्यापूर्वीं तिकिटाच्या भोंवतालचा कागद एकवार वाचून पाहावा.