ब्रह्मदेशातील भाषांचा वारसा

ब्रह्मदेशातील पगान या प्राचीन नगरीत इ. स. १११३ च्या सुमाराचा एक शिलालेख सापडला. राजपुत्र राजकुमार याने आजारी पित्यासाठी केलेल्या दानाची त्यात नोंद आहे. शिळेच्या चार बाजूंवर एकच मजकूर चार भाषांत कोरला आहे : पाली, प्यू, मोन आणि बर्मी. बर्मी तेव्हा नुकतीच लिहिली जाऊ लागली होती. प्यू भाषा पुढे लोप पावली. मोन आज अल्पसंख्याकांची भाषा आहे, तर बर्मी राजभाषा झाली.

या देशाची आपल्याला ओळख आहे ती रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यामुळे. १८८५ साली इंग्रजांनी पदच्युत केलेला राजा थिबा १९१६ साली रत्नागिरीतच निवर्तला. राजा इकडे आला आणि तिकडे इंग्रजीचे राज्य सुरू झाले. डिसेंबर १९२० मध्ये रंगूनच्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठ कायद्याविरुद्ध संप पुकारला. त्यातून बर्मी भाषेला मानाचे स्थान देणाऱ्या राष्ट्रीय शाळा निघाल्या. १९३० साली 'दोबामा' ही तरुणांची संघटना उभी राहिली. साहेबाला लावायची 'थाकिन', म्हणजे धनी, ही पदवी हे तरुण स्वतःच्या नावाआधी लावू लागले. त्यांचा स्वाभिमान रास्तच होता. परंतु 'दोबामा' म्हणजे 'आम्ही बर्मी'. या 'आम्ही'मध्ये करेन, काचिन, चिन, शान, मोन यांची गणना होते की नाही, हा प्रश्न तेव्हा सुटला नाही आणि आजही सुटलेला नाही. बर्मी वंशाचे लोक देशात सुमारे दोनतृतीयांश आहेत. उरलेल्यांच्या भाषा शंभराच्या घरात जातात.

शान आणि मोन यांचे लेखन बौद्ध विहारांनी जपले. करेनांजवळ मात्र लिपी नव्हती. होती ती केवळ एक दंतकथा, की देवाने आपल्याला दिलेला ग्रंथ आपण हरवून बसलो. जोनाथन वेड या मिशनऱ्याने १८३२ च्या सुमारास बर्मी अक्षरांच्या आधारे स्गाव करेन भाषेसाठी लिपी सिद्ध केली. १८४२ साली करेन भाषेत नियतकालिक निघाले, १८५३ साली संपूर्ण बायबल छापले गेले. काचिनांना रोमन लिपी दिली ती ओला हान्सन यांनी. ही सर्व बाप्तिस्त मंडळी होती, हे मोकळ्या मनाने सांगायला हवे. आपल्या बार्नाबाइट धर्मगुरूंच्या श्रमांतून १७७६ साली रोममध्ये बर्मी मुळाक्षरांचे पुस्तक छापले गेले खरे. पण डोंगरातल्या जमातींच्या अक्षर-ओळखीत आपण मागाहून आलो.

याला दुसरी बाजूही आहे. ज्या बोलीला लिपी मिळाली ती मोठी झाली. स्गाव पुढे गेली, प्वो करेन मागे पडली. काचिनांत जिंगफॉ ही प्रार्थनेची भाषा झाली आणि तिच्या शेजारच्या लहान बोलींना तिच्यापुढे नमते घ्यावे लागले. म्हणजे बर्मीबद्दल जी तक्रार करेन करतो, तीच थोड्या फरकाने प्वो बोलणाराही स्गावबद्दल करू शकतो.

१९४७ च्या राज्यघटनेने बर्मीला राजभाषा ठरवले आणि इंग्रजीच्या वापराला मुभा ठेवली. १९६२ साली जनरल ने विन यांनी सत्ता बळकावली. १९६५ पासून मिशन शाळांसह खाजगी शाळा सरकारने ताब्यात घेतल्या. १९६६ साली बहुतेक परदेशी मिशनऱ्यांना देश सोडावा लागला. इंग्रजी पाचव्या इयत्तेपर्यंत मागे सारली गेली. १९८१ मध्ये तिला पुन्हा बालवर्गापासून स्थान मिळाले. परक्या भाषेसाठी शाळेचे दार असे उघडत-मिटत राहिले. देशातल्याच काचिन वा चिन मुलाची भाषा मात्र बाहेरच उभी होती. ती शिकवली गेली चर्चमध्ये, विहारात, उन्हाळी सुट्टीतल्या वर्गांत; प्रार्थनेचे पुस्तक हेच तेथे अनेकदा पहिले पाठ्यपुस्तक होते.

सशस्त्र संघटनांच्या ताब्यातील मुलखात करेनांनी स्वतःच्या शाळा चालवल्या, पण त्यांच्या प्रमाणपत्रांना सरकारी विद्यापीठांत मान्यता नव्हती. मोनांनी व्यवहार जाणला : प्राथमिक शिक्षण मोन भाषेत, माध्यमिक बर्मीकडे वळणारे, आणि शेवटी सरकारी परीक्षा. २०१५ च्या कायदा-दुरुस्तीने वर्गात बर्मीबरोबर जमातींच्या भाषा वापरण्यास थोडी वाट दिली. मग १ फेब्रुवारी २०२१ चा लष्करी उठाव झाला. असंख्य शिक्षकांनी निषेधार्थ सरकारी शाळा सोडल्या, आणि त्यांतले काही याच डोंगरातल्या शाळांत शिकवू लागले.