खर्डा, सौताडा आणि मामा चंपाची पलटण

भाकरी तव्यावर असेल तर ती उलटा आणि मग ऐका, कारण आजची गोष्ट जरा लांबची आहे.

आधी एक जुना घोळ मिटवतो. पोरांच्या इतिहासाच्या पुस्तकात ‘आष्टीची लढाई’ येते. २० फेब्रुवारी १८१८ ला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले इंग्रजांशी लढताना पडले, ती लढाई. पोरं घरी येऊन विचारतात, “आई, आपल्या आष्टीत कुठं झाली ती?” आपल्या आष्टीत झालीच नाही. ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातली. १९४२ च्या चळवळीत गाजलेली आष्टी वर्धा जिल्ह्यातली. म्हणजे नाव एक आणि मान दुसऱ्यांना, असं आपल्या आष्टीचं झालं. आमच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एक काकू म्हणाल्या, “मग आपल्याकडं काहीच घडलं नाही का?” ह्या एका प्रश्नावरून आमची सहल ठरली.

सहल म्हणजे देवदर्शन, हे आमच्या घरांत पक्कं. मायंबाला जायचं, मढीला जायचं, पंढरपूरला जायचं तर कुणी अडवत नाही. पण किल्ला बघायला जातो म्हटलं की पहिला प्रश्न, “तिथं काय ठेवलंय?” एका सूनबाईंना सासूबाईंनी सरळ विचारलं, “किल्ल्याला नारळ फोडायचा असतो का गं?” शेवटी सौताड्याच्या रामेश्वराचं नाव पुढं केलं, तेव्हा सगळ्यांची परवानगी मिळाली. खोटं बोललो नाही, कारण रामेश्वराला गेलोच. फक्त आधी खर्ड्याला गेलो.

दिवस श्रावणातला धरला. आमच्या गटांतल्या निम्म्या बाया दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. एकदा कोयता उचलला की सहा महिने गाव दिसत नाही. त्यामुळं आमचं जे काही असतं, ते पावसाळ्यातच असतं. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, प्रत्येकीनं आपापले पैसे काढायचे, असं ठरलं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय, म्हणून हे जमलं. पूर्ण तिकिटात निम्म्या जणी घरीच राहिल्या असत्या. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि कांदे घेऊन आष्टीहून जामखेड, जामखेडहून खर्डा असे आम्ही एकोणीस जणी निघालो.

खर्डा आज जामखेड तालुक्यात, म्हणजे नगर जिल्ह्यात येतो. आता त्या जिल्ह्याला अहिल्यानगर म्हणतात. आपला बीड जिल्हा मराठवाड्यात. मधली रेघ आज नकाशावरच उरली आहे, बसमध्ये बसलं की कळतही नाही. पण आमच्यातल्या म्हाताऱ्या बायकांच्या आयांना ती चांगलीच कळायची. १९४८ पर्यंत आष्टी निजामाच्या राज्यात होती आणि जामखेड-खर्डा १९४७ पर्यंत इंग्रजांच्या. इकडून तिकडं माल न्यायचा तर करोडगिरीचा नाका लागायचा, म्हणजे जकात. पैसाही वेगळा होता. इकडं हाली रुपया चालायचा, तिकडं कलदार. सात हाली दिले की साधारण सहा कलदार यायचे. माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या, अशा कितीतरी जणी होत्या. भाऊबीजेला भावानं घातलेल्या ओवाळणीतही आधी नाणं कुठलं ते बघावं लागत असणार. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज हैदराबाद संस्थानात शिरली आणि १७ सप्टेंबरला निजामाचं राज्य संपलं. दरवर्षी शाळेत झेंडावंदन होतं ते याच दिवसाचं.

खर्ड्याचा किल्ला डोंगरावर नाही, सपाट जमिनीवर आहे. त्याला भुईकोट म्हणतात. आमच्या गुडघेदुखीवाल्या मावशींना हे फार आवडलं. चौकोनी बांधणी, घडीव दगडाच्या भक्कम भिंती, कोपऱ्यांना बुरूज, भोवती खंदक. आत एक मशीद आणि विहीर आहे. हा किल्ला १७४३ च्या सुमाराला सुलतानराव निंबाळकर यांनी बांधला. निंबाळकर मराठे, पण निजामाचे सरदार. लोक आज ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ असं जितक्या सहज वाटून टाकतात, तितकं ते त्या काळी सरळ नव्हतं. २०२१ च्या दसऱ्याला किल्ल्याजवळ ७४ मीटर उंचीचा भगवा ध्वज उभारला आहे. तो लांबूनच दिसतो, त्यामुळं वाट विचारावी लागत नाही.

आता लढाईचं सांगतो. ११ मार्च १७९५. एका बाजूला पेशवे सवाई माधवराव, वय वीस वर्षांचं, आणि त्यांचा सगळा कारभार बघणारे नाना फडणवीस. दुसऱ्या बाजूला हैदराबादचा निजाम अली खान. भांडण पैशाचं होतं. निजामाकडं चौथाईची बाकी वर्षानुवर्षं थकली होती. तिची मागणी झाली तेव्हा त्याच्या दिवाणानं, मुशीर-उल्-मुल्कनं, देणं तर सोडाच, नाना फडणवीसांनाच हैदराबादेत येऊन हिशेब द्यायला सांगितलं. बाकी थकवलेली असताना उलट तोरा दाखवणारी माणसं आपण गटातही बघतो, फक्त आपल्याकडं त्यावरून तोफा निघत नाहीत.

निजामाची फौज मोहरीच्या घाटानं खाली उतरली. मराठ्यांकडून शिंदे, होळकर, नागपूरचे भोसले सगळे एकत्र आले होते आणि फौजेची सूत्रं परशुरामभाऊ पटवर्धनांकडं होती. सगळे मराठे सरदार एका बाजूनं लढले, ते इथं शेवटचं.

त्या फौजा म्हणजे नुसते शिपाई नव्हते. मागं बैल, गाड्या, बाजार, धान्य वाहणारे लमाण, स्वयंपाक करणाऱ्या बाया, लेकरं असं सगळं असायचं. आमच्या एक काकू वीस हंगाम ऊसतोडीला जाऊन आल्यात. त्या म्हणाल्या, “म्हणजे फडावर जातो तसंच की. चूल, पोर, कोंबडी, सगळं संगं.” पुस्तकातल्या लढाईच्या नकाशात बाणच असतात. चूल कुठं पेटली, हे काकूंनी सांगितलं तेव्हा डोळ्यांसमोर आलं.

दिवसा लढाई झाली, पण निकाल लागला रात्री. मराठ्यांची एक छोटी तुकडी घोड्यांना पाणी पाजायला ओढा शोधत फिरत होती. अंधारात ती चुकून निजामाच्या माणसांजवळ पोचली. त्यांनी बंदुका झाडल्या. तो आवाज ऐकून शेजारच्या पहारेकऱ्यांनी झाडल्या आणि बघता बघता सगळ्या छावणीत गोळीबार सुटला. कोण कुणावर झाडतंय कुणालाच कळेना. निजाम घाबरून खर्ड्याच्या किल्ल्यात जाऊन बसला. सकाळी बघतात तर फौज तोफा आणि सामान टाकून पांगलेली. मग मराठ्यांनी किल्ला घेरला. आत माणसं फार आणि पाणी थोडं. मार्च महिना होता. आपल्या भागातला मार्च महिना तुम्हाला सांगायला नको. टँकरच्या रांगेत उभी राहिलेली कोणतीही बाई सांगेल की तो किल्ला किती दिवस तग धरणार होता. निजामानं तह केला. तीन कोटी रुपये, दौलताबादचा किल्ला, सरहद्दीचा परांड्यापासून तापीपर्यंतचा पट्टा आणि स्वतः दिवाण मुशीर-उल्-मुल्क, एवढं देऊन तो सुटला.

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं, ते ऐका. जुन्या इतिहासांत लिहिलेलं असतं की निजामाबरोबर जनानखाना होता, तोफांच्या आणि बाणांच्या आवाजानं बेगम घाबरली, तिनं हट्ट धरला आणि म्हणून निजाम मागं फिरला. त्याचा फ्रेंच सरदार रेमंड तेव्हा पाय रोवून लढत होता, त्यालाही माघारी बोलावलं. लाखभर फौजेचा मालक पळाला आणि दोष कुणाचा, तर बायकोचा. हे वाचून दाखवलं तेव्हा किल्ल्याच्या पायरीवर बसलेल्या आम्ही सगळ्या आधी हसलो आणि मग गप्प झालो. कर्ज फिटलं नाही की ‘बाईच्या हातात पैसा दिला म्हणून’, पोरगं बिघडलं की ‘आईनं लाडावलं म्हणून’. बेगमेचं गाऱ्हाणं कुणी लिहून ठेवलं नाही. ती खरंच घाबरली असेलही. रात्री बंदुका सुटल्यावर घाबरणं हा काही बाईचाच गुण नाही. त्या रात्री अख्खी छावणी घाबरली होती.

आणि त्याच फौजेत, त्याच मैदानावर बायकांच्या दोन पलटणी होत्या. हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना जफर पलटण म्हणायचे, जफर म्हणजे विजय. हातात बंदुका, अंगावर शिपायाचा पोशाख आणि शिपायासारखी कवायत. एरवी त्यांचं काम जनानखान्याच्या पहाऱ्याचं होतं, पण खर्ड्याला त्या लढाईत उतरल्या. एका पलटणीची प्रमुख मामा बरन, दुसरीची मामा चंपा.

‘मामा’ म्हटल्यावर आमच्यात एकच हशा पिकला. बायकांच्या पलटणीवर पुरुषच नेमला होय! मग आमच्या गटातल्या मुस्लिम मैत्रिणीनं सांगितलं की त्यांच्या बोलीत ‘मामा’ म्हणजे घरात काम करणारी, लेकरं सांभाळणारी बाई. म्हणजे मोलकरीण. लेकरं सांभाळणाऱ्या दोघी पलटणी सांभाळत होत्या. त्या काळच्या इंग्रजांनी नोंद करून ठेवली आहे की लढाईत ह्या बायका बाकीच्या फौजेपेक्षा काही कमी पडल्या नाहीत. त्या दिवशी बाकीच्या फौजेनं काय दिवे लावले ते वर सांगितलंच आहे, त्यामुळं ही स्तुती जरा जपूनच घ्यायला हवी. पण नावं लिहिली गेली, हेही थोडकं नाही.

जिंकणाऱ्यांच्या बाजूलाही एक बाई आहे, फक्त ती मैदानावर नव्हती. होळकरांची फौज घेऊन तुकोजी होळकर आले होते आणि त्या होळकरांचा कारभार महेश्वरहून अहिल्याबाई चालवत होत्या. त्यांचं जन्मगाव चौंडी ह्याच जामखेड तालुक्यातलं. ३१ मे १७२५ चा त्यांचा जन्म. खर्ड्याची लढाई झाली त्याच वर्षी, १३ ऑगस्टला त्या गेल्या. आम्हाला चौंडीलाही जायचं होतं, पण एका दिवसात तिन्ही ठिकाणं होत नाहीत, हे एसटीच्या वेळापत्रकानं शिकवलं.

जिंकलेलं पुढं किती टिकलं? ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव वारले. गादीसाठी पुण्यात भांडणं लागली. त्या गडबडीत कैदेतला मुशीर-उल्-मुल्क सुटला आणि तहात दिलेलं बहुतेक सगळं वर्षभरात निजामाकडं परत गेलं. १७९८ मध्ये निजामानं इंग्रजांची फौज पदरी घेतली. म्हणून पुढची दीडशे वर्षं आपल्या आज्या-पणज्या हाली रुपयातच बाजार करत राहिल्या.

खर्ड्याची आणखी एक गोष्ट आम्हा गटवाल्यांना भावली. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये लिहिलंय की खर्ड्यात पाचशेवर व्यापारी, दुकानदार आणि सावकार होते आणि मंगळवारचा गुरांचा बाजार जिल्ह्यात सगळ्यांत मोठा होता. एका गावात इतके सावकार म्हणजे कर्जदार किती गावांतून येत असतील! आमच्या आष्टीकडचेही असणारच.

तिथून परत जामखेडला आलो आणि बीडच्या गाडीनं सौताड्याला उतरलो. सौताडा पाटोदा तालुक्यातला, म्हणजे पुन्हा आपला जिल्हा. बालाघाटाच्या कड्यावरून विंचरणा नदी खाली दरीत उडी घेते आणि तळाशी रामेश्वराचं मंदिर आहे. खूप पायऱ्या उतराव्या लागतात. श्रावणात तिथं गर्दी असते. वरून बघतानाच आमच्यातल्या एका वहिनी म्हणाल्या, “एवढं पाणी आपल्याकडं आहे?” उन्हाळ्यात त्याच कड्यावर काळा दगड तेवढा दिसतो, पण त्या दिवशी तुषार तोंडावर येत होते. साडीचे काठ भिजले, कुणी तक्रार केली नाही. भाकरी तिथंच सोडली. दोन लेकुरवाळ्या वरच थांबल्या होत्या, त्यांचा डबा वर पोचवायचा राहिला. परत चढून गेलो तर त्या उपाशी आणि रागावलेल्या. ही चूक आमची.

पाटोद्याकडं नायगावचं मयूर अभयारण्य आहे, १९९४ साली झालेलं, जवळपास ३० चौरस किलोमीटरचं. ते राहिलं. तशी आमच्या शेतात मोरांची कमी नाही. पेरलेलं ते वेचून खातात म्हणून ज्यांना आम्ही हुसकावतो, त्यांनाच बघायला तिकीट काढून जायचं, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

परतीची ठरलेली गाडी चुकली. पायऱ्या चढायला किती वेळ लागतो याचा अंदाज आम्हीच चुकवला. पुढची गाडी यायला अंधार पडला. एकामागून एक फोन वाजायला लागले. “कुठं आहात? कुणासोबत आहात? रामेश्वर काय बंद नाही होत का?” आमच्या ज्या सूनबाई सासूबाईंना समजावून आल्या होत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा ऊसतोडीवाल्या काकूंनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाल्या, “मी मामा चंपा बोलतेय. पलटण जामखेडच्या पुढं आलीय. अर्ध्या तासात पोचते. भात टाकून ठेवा.”

पलीकडून सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, “किती जणींचा टाकू?”