घाटवाटा, हवापालट आणि भरपगारी रजा

कामधंदा मागे ठेवून डोंगर पाहण्यासाठी रस्त्याने निघण्याची मुंबईकरांची रीत आज सहज वाटत असली, तरी ती दोन स्वतंत्र इतिहासांच्या संगमातून घडली आहे. त्यांपैकी एक सह्याद्री ओलांडणाऱ्या रस्त्यांचा आहे आणि दुसरा नोकरदाराच्या रजेचा. रस्ते आधी झाले, परंतु ते मौजेसाठी झाले नव्हते. रजा मात्र त्यानंतर फार उशिराने मिळाली.

कोकणपट्टी आणि देश, म्हणजे सह्याद्रीच्या पूर्वेचे पठार, यांना जोडणाऱ्या खिंडींतील चढणीच्या वाटांना घाट म्हणतात, आणि या वाटा मुळात व्यापाराच्या होत्या. कल्याणकडून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, यावरून या मार्गाचे प्राचीन महत्त्व कळते. पुढील अनेक शतके बहुतेक घाटांतून माल बैलांच्या पाठीवर लादूनच नेला जात असे. खोपोली आणि खंडाळा यांच्यामधील बोरघाटात चाकांची वाहने चालतील असा रस्ता 10 नोव्हेंबर 1830 रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला, तेव्हा सरकारच्या नजरेसमोर लष्कराची हालचाल आणि बंदराकडे जाणारा माल होता. याच घाटात 1863 मध्ये लोहमार्ग पूर्ण झाला. सदतीस फुटांमागे एक फूट इतक्या तीव्र चढाच्या या मार्गासाठी हजारो मजूर राबले आणि रोगराईने व अपघातांनी त्यांच्यापैकी कित्येकांचा बळी घेतला.

हवापालट, म्हणजे प्रकृतीसाठी थंड प्रदेशात काही काळ राहणे, ही कल्पना इंग्रज अमलात रुजली. जनरल लॉडविक 1824 मध्ये महाबळेश्वरचे पठार चढून गेला. पुढे 1829 मध्ये माल्कम यांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी करार करून दुसऱ्या गावाच्या मोबदल्यात हा प्रदेश मिळवला आणि नव्या वस्तीला माल्कमपेठ हे नाव पडले. या वास्तव्याला सुटी म्हणणे मात्र चुकीचे ठरेल, कारण उन्हाळ्यात गव्हर्नर, त्यांचे अधिकारी आणि कारकून कागदपत्रांसह तेथे जात, पावसाळ्यात हाच कारभार पुण्याला हलत असे आणि हिवाळ्यात पुन्हा मुंबईला येत असे. थोडक्यात, काम मागे सुटत नव्हते, तर तेच डोंगरावर नेले जात होते. वस्ती वाढली तशी स्थानिकांचीही घडी बदलली. लोखंड गाळणाऱ्या धावडांचा धंदा जंगलावरील निर्बंधांमुळे बसला, तर तेथील तुरुंगात ठेवलेल्या चिनी कैद्यांकडून साहेबांसाठी भाजीपाला पिकवून घेण्यात आला.

मुंबईला अधिक जवळ असलेल्या माथेरानचा मार्ग थोडा निराळा होता. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 मध्ये तेथे पोहोचले. सरकारी बंगल्यांच्या जोडीने धनिक पारशी आणि मुसलमान व्यापाऱ्यांचे बंगले तेथे उभे राहिले, आणि 1907 मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाच्या पुढाकाराने नेरळहून वर जाणारी अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. अशा रीतीने विश्रांतीसाठी डोंगर गाठण्याची चाल हिंदी समाजात आली, पण ती ज्यांना वेळेचा हिशेब कुणाला द्यावा लागत नव्हता त्यांच्यापुरतीच राहिली.

गिरणी कामगाराची स्थिती याच्या नेमकी उलट होती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे 1890 मध्ये त्याला रविवारची सुटी मिळाली, तथापि एका दिवसात घाटमाथा गाठून परतणे त्याच्या आवाक्यातले नव्हते. त्यातच तो बहुधा रत्नागिरी किंवा सातारा जिल्ह्यांतून आलेला असल्यामुळे शिमग्याला किंवा शेतीच्या हंगामात पगार बुडवून तो गावी जाई, आणि साताऱ्याकडच्या कामगाराला घाट ही घरची वाट होती, पाहण्याचे स्थळ नव्हते. कारखाना अधिनियम, 1948 ने भरपगारी वार्षिक रजेचा हक्क पक्का केला, तर सरकारी नोकरांना 1956 पासून रजा प्रवास सवलत, म्हणजे रजेतील प्रवासखर्चाची भरपाई, मिळू लागली. पगार चालू असताना कामावर न जाण्याची मुभा अशी कायद्याने मिळाल्यावरच मध्यमवर्गीय कुटुंबाचा डोंगरप्रवास शक्य झाला, आणि 2002 मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने तो शनिवार-रविवारच्या मापात बसवला.

या विस्तारात एक विषमता मात्र टिकून राहिली. मेणे आणि डोल्या वाहणाऱ्यांपासून माथेरानच्या घोडेवाल्यांपर्यंत आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी उत्पादकांपर्यंत घाटमाथ्यावरील अनेकांची कमाई शहराच्या रजेवर अवलंबून राहिली, आणि या कष्टकऱ्यांपैकी बहुतेक जण ज्या असंघटित क्षेत्रात मोडतात, तेथे भरपगारी रजेचा कायदा आजही पोहोचलेला नाही.