एक जूनचा जन्म

माझ्या वडिलांचा जन्म १ जून १९४१ चा, असं त्यांच्या कंपनीच्या कागदावर होतं. खरा जन्म १९४६ चा, माण तालुक्यातल्या एका वाडीवरचा, आणि तोही आजीच्या आठवणीवरून धरलेला. तेरा वर्षांचे असताना, १९५९ मध्ये, ते एकटेच पिंपरीला उतरले. खिशात गावच्या एका माणसाचा पत्ता होता आणि तो माणूस सहा महिन्यांपूर्वीच मुंबईला निघून गेला होता. तेव्हाची पिंपरी म्हणजे सिंधी निर्वासितांचा कॅम्प, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलिनचा कारखाना आणि भोवती शेतं. स्टेशनजवळच्या एका चहाच्या हॉटेलात कपबश्या विसळत त्यांनी तीन वर्षं काढली. १९६२ मध्ये एका ठेकेदारानं त्यांना कारखान्यात लावलं. वय लिहायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "अठरा सांगशील तर कुणीतरी दाखला मागेल. एकवीस सांग." सोळा वर्षांच्या पोरानं एकवीस सांगितलं. १९९९ मध्ये कागदावरच्या ५८ व्या वर्षी वडील निवृत्त झाले, तेव्हा ते ५३ चे होते आणि माझा धाकटा भाऊ अजून कॉलेजात होता.

मी १९९४ ला सनद घेतली आणि मोरवाडीच्या कोर्टात उभी राहू लागले. पोट भरलं ते दिवाणी दाव्यांवर. पण पुढे मोफत विधी सेवेच्या पॅनेलवर नाव गेलं आणि घर सोडून एकटी आलेली मुलं माझ्यापुढे येत राहिली. कुणी दानापूरच्या गाडीनं, कुणी हावड्याच्या. प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच विचारला जातो, जो वडिलांना विचारला होता: वय काय? त्या प्रश्नाचं उत्तर मुलाच्या वतीनं कोण देतं, हे पाहत गेलं की या कामाचा सगळा इतिहास उलगडतो.

सुरुवात १८५० च्या अप्रेंटिस कायद्यापासून करायला हवी. दहा ते अठरा वर्षांचं पोरकं किंवा गरीब मूल मॅजिस्ट्रेटनं एखाद्या कारागिराकडे सात वर्षांपर्यंत उमेदवार म्हणून बांधून द्यावं, अशी त्यात सोय होती. करारावर मुलाच्या बाजूनं सही करायची ती पालकानं, आणि पालक नसेल तर मॅजिस्ट्रेटनंच. म्हणजे मुलाला सोपवणारा आणि मुलाच्या वतीनं 'हो' म्हणणारा एकच. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यानं गिरणीत काम करायचं किमान वय सात ठरवलं आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. तेव्हापासून वय हा कामाच्या दारावरचा प्रश्न झाला आणि खोटं वय सांगायला कारण मिळालं. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानं ही किमान मर्यादा चौदावर नेली.

मुंबई इलाख्याचा बालकांचा कायदा १९२४ चा. निराधार, भटकणारं, भीक मागणारं मूल म्हणजे गुन्हेगार नव्हे, त्याला तुरुंगाऐवजी वेगळ्या जागी ठेवावं, वेगळ्या कोर्टापुढे न्यावं, हा विचार त्यातून आपल्याकडे आला. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहिली. योगायोग असा की त्याच सुमारास मुंबईत गरिबांना वकील मिळवून देणारी लीगल एड सोसायटी निघाली आणि मी जिथे शिकले ते पुण्याचं आयएलएस लॉ कॉलेजही १९२४ चंच. पण मुलांचा कायदा आणि गरिबांचा वकील हे दोन प्रवाह पुढची साठ वर्षं एकमेकांना भेटले नाहीत. उलट वकिलाला मुलांपासून लांब ठेवावं, अशीच धारणा होती. केंद्रशासित प्रदेशांसाठी १९६० मध्ये झालेल्या बालक कायद्यात, बालकल्याण मंडळापुढे वकिलाला खास परवानगीशिवाय उभं राहता येणार नाही, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. वकील आला की भांडण आलं, आणि मुलाच्या भल्याचा विचार मागे पडेल, ही भीती. ही भीती मला अगदीच खोटी वाटत नाही. मुलाच्या डोक्यावरून दोन वकील एकमेकांवर ओरडताना मी पाहिले आहेत. पण वकील नसतो तेव्हा ती जागा रिकामी राहत नाही. तिथे ठेकेदार येऊन बसतो, नाहीतर 'मामा' म्हणून कुणीतरी.

दुसऱ्या महायुद्धातली एक गोष्ट मला इथे सांगितलीच पाहिजे. ती मला कोल्हापूरजवळच्या वळीवड्याला गेले असताना कळली. सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बाया आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत राहिले. त्याआधी जामनगरच्या बालाचडीत जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी शेकडो पोलिश मुलांना आश्रय दिला होता. त्यातली अनेक पोरकी होती. युद्ध संपलं, पोलंडमध्ये नवी राजवट आली आणि या मुलांना परत पाठवायचं का, हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा जामसाहेब, छावणीचे पाद्री प्लुटा आणि ब्रिटिश अधिकारी क्लार्क या तिघांनी मिळून त्या पोरक्या मुलांना कायदेशीर दत्तक घेतलं, म्हणजे त्यांच्या वतीनं 'नाही' म्हणायचा अधिकार कुणाकडे तरी आला. बालाचडीची छावणी उठली तशी तिथली मुलं वळीवड्याला आली. शेकडो मुलांचा बाप होण्यासाठी तिघांनी एक कागद केला. वकिलाच्या नजरेनं पाहिलं तर इतकं साधं आणि इतकं धाडसी काम मी दुसरं ऐकलेलं नाही.

मुलांचा कायदा आणि गरिबांचा वकील हे दोन प्रवाह एकत्र आणले ते मुंबईच्या एका पत्रकार बाईंनी. शीला बारसे. मुंबईच्या कोठड्यांमधल्या स्त्री कैद्यांबद्दलचं त्यांचं पत्र सर्वोच्च न्यायालयानं याचिका मानलं आणि १९८३ मध्ये अटकेतल्या स्त्रियांना कायद्याची मदत मिळण्याबद्दल निर्देश दिले. मग त्या देशभरच्या तुरुंगांत डांबलेल्या मुलांचा प्रश्न घेऊन गेल्या. १९८६ च्या आदेशांत न्यायालयानं जिल्हा न्यायाधीशांना तुरुंग पाहायला सांगितले आणि राज्यांच्या विधी साहाय्य मंडळांनी आठवड्यातून एकदा दोन वकील प्रत्येक तुरुंगात पाठवावेत, सोळा वर्षांखालच्या मुलांना कायद्याची मदत द्यावी, असं सांगितलं. सरन्यायाधीश होते प्रफुल्लचंद्र भगवती. मुंबई राज्यात गरिबांना कायद्याची मदत कशी द्यावी यावर १९४९ मध्ये अहवाल देणाऱ्या समितीचे अध्यक्ष न्यायमूर्ती नटवरलाल भगवती, म्हणजे त्यांचे वडील. १९८६ मध्येच देशभरासाठी बाल न्याय कायदा आला, पुढच्या वर्षी विधी सेवा प्राधिकरणाचा. तो ९ नोव्हेंबर १९९५ ला अमलात आला आणि त्याच्या १२ व्या कलमानं मुलाला, घरची मिळकत किती हे न विचारता, मोफत वकिलाचा हक्क दिला.

माझं पहिलं काम त्याच्या वर्षभर आधीचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादची बरीच मुलं पुण्याकडे आली. भारतीय जैन संघटनेनं बाराशेच्या आसपास मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली, हे सर्वांना माहीत आहे. पण काही मुलं कुणाच्याच यादीत नव्हती. चिंचवड स्टेशनजवळच्या एका खानावळीत असाच औशाकडचा अकरा-बारा वर्षांचा मुलगा सापडला. आईवडील ढिगाऱ्याखाली गेलेले. माझ्या सीनियर वकीलसाहेबांनी एक पैसा न घेता त्याचं काम हाती घेतलं आणि मला एसटीनं गावी पाठवलं. तलाठ्याकडे सातबारा काढला. वडिलांच्या नावाला कंस होता, खाली मुलाचं नाव आणि पुढे 'अ.पा.क.' म्हणून चुलत्याचं. अज्ञान पालन कर्ता. कायद्याच्या मराठीत अल्पवयीनाला 'अज्ञान' म्हणतात. चुलत्यानं जमिनीचा सौदा जवळजवळ पक्का केला होता. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे अशा नुसत्या सांभाळणाऱ्या नातलगाला अज्ञानाची जमीन विकताच येत नाही. आम्ही फेरफाराला हरकत घेतली. जमीन वाचली. मुलगा मात्र चुलत्याकडे जायला तयार नव्हता आणि 'तुला कुठं राहायचं आहे' असं त्याला त्या सगळ्या कामात एकदाही अधिकृतपणे विचारलं गेलं नाही. मीही विचारलं नव्हतं. मला सातबारा महत्त्वाचा वाटला होता. ती चूक मी अजून विसरलेले नाही.

नंतरच्या वर्षांत साधनं वाढली. १९९६ ला मुंबईत सुरू झालेली १०९८ ची चाइल्डलाइन पुण्यात ज्ञानदेवी संस्थेनं वर्षानुवर्षं चालवली. २००० च्या कायद्यानं बाल कल्याण समित्या आणल्या. २००९ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं विधी स्वयंसेवकांची योजना काढली आणि अंगणवाडीच्या बाया, निवृत्त शिक्षक, कॉलेजची मुलं या कामात आली. २०१५ च्या कायद्याप्रमाणे सापडलेलं मूल प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत समितीपुढे न्यावं लागतं आणि त्याला योग्य विधी सेवा मिळवून देणं हे समितीच्या कामांतच लिहिलं आहे.

याच वर्षांत पुण्याजवळचं चाकण बदललं. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी, नाणेकरवाडी इथल्या शेतकऱ्यांनी शेताच्या कडेनं पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा बांधल्या. मोठ्या कारखान्याच्या गेटवर कागद काटेकोर तपासतात. मुलं सापडतात ती तिथून तीन-चार पायऱ्या खाली, सुट्या भागांचे सुटे भाग करणाऱ्या शेडमध्ये.

२०२३ च्या पावसाळ्यात अशाच एका शेडमधल्या मुलाची दोन बोटं प्रेस मशीनखाली गेली. आमच्या एका स्वयंसेविकेनं, त्या पूर्वी अंगणवाडी सेविका होत्या, मला दवाखान्यातून फोन केला: "ताई, आधारवर एकोणीस आहे, पण हा पोरगा एकोणीसचा नाही." मी पोहोचले तेव्हा ठेकेदाराचा माणूस शंभराचा स्टँप घेऊन खाटेशी उभा होता. 'माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही.' खाली अंगठ्याची जागा. उजव्या हाताला पट्टी म्हणून डाव्या अंगठ्याला शाई लावून झाली होती. मी त्या मुलाचा हात धरला आणि पुसला. त्या दिवशी मी केलेली वकिली एवढीच.

मुलगा दरभंग्याकडचा. मैथिली बोलायचा, हिंदी तुटक. निघोज्यात लिट्टी-चोखा विकणाऱ्या एका बाईंना बोलावलं, त्या दोन दिवस हातगाडी बंद ठेवून दुभाषी म्हणून बसल्या. बाल न्याय कायद्याच्या ९४ व्या कलमात वयाच्या पुराव्यांची उतरंड आहे: आधी शाळेचा किंवा परीक्षा मंडळाचा दाखला, तो नसेल तर महापालिकेचा किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आधार कार्ड त्यात नाही. (पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असं एका अपघात भरपाईच्या निकालात सांगितलं, तेव्हा याच कलमाचा आधार घेतला.) गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना लिट्टीवाल्या बाईंनीच फोनवर समजावलं. त्यांनी प्रवेश रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवला, मग रीतसर दाखला पोस्टानं आला. जन्मतारीख १ जानेवारी. खरी तारीख माहीत नसली की आमच्या गुरुजींनी जून लिहिला, त्यांच्या गुरुजींनी जानेवारी. सोळा वर्षं आणि काही महिने.

या एका पानानं सगळं बदललं. समितीनं त्याला बालक मानलं. धोकादायक यंत्रावर पुरेसं प्रशिक्षण आणि देखरेख नसताना तरुण मुलाला लावता येत नाही, हे फॅक्टरी कायद्यातलं कलम लागू झालं आणि १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याखाली अर्ज करता आला. समितीपुढे मी युक्तिवाद असा केलाच नाही. मुलाच्या बाजूला खुर्ची घेऊन बसले आणि या वेळी पहिल्यांदा विचारलं, तुला कुठं जायचं आहे. त्यानं बराच वेळ काही सांगितलं नाही. मग म्हणाला, आईला इथे बोलवा, मी एकटा परत जाणार नाही, गावात हात बघतील. आई आठ दिवसांनी आली.

माझी भाची न्यू जर्सीत वकील आहे. कचेरीचं काम सांभाळून ती मध्य अमेरिकेतून एकट्या आलेल्या मुलांच्या केसेस विनामोबदला घेते. तिकडे स्थलांतराच्या कोर्टात मुलाला सरकारी खर्चानं वकील मिळण्याचा हक्क नाही. सरकारचा वकील समोर असतो आणि मूल कधी कधी एकटं उभं असतं. २००८ मध्ये स्थापन झालेल्या 'किड्स इन नीड ऑफ डिफेन्स'सारख्या संस्था स्वयंसेवी वकील जमवतात ते म्हणूनच. ती मला म्हणाली, "मावशी, तुमच्याकडे हक्क तरी लिहिलेला आहे." तो लिहिलेला आहे हे खरं. पण खराबवाडीच्या पत्र्याच्या खोलीत तो कुणी वाचून दाखवलेला नसतो, आणि दवाखान्यात स्टँप पेपर आमच्याआधी पोहोचतो. म्हणून मला पॅनेलवरच्या यादीपेक्षा चाकणच्या आंबेठाण चौकात राहणारी, रात्री फोन उचलणारी ती स्वयंसेविका जास्त मोलाची वाटते.

त्या मुलाची आई त्याला घेऊन गेली त्या संध्याकाळी मी वडिलांकडे जेवायला होते. त्यांना सगळं सांगितलं. ते आता कमी बोलतात. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, "ठेकेदारानं किती सांगायला लावलं होतं त्याला?"

"एकोणीस."

"मला एकवीस," ते म्हणाले, आणि आईनं त्यांच्या ताटात आमटी वाढली.