गव्हाशिवायचा हिवाळा

१९४४-४५ चा हिवाळा. हॉलंडचा पश्चिम भाग जर्मनांच्या ताब्यात, धान्याची आवक जवळजवळ बंद. लोक ट्युलिपचे कंद उकडून खात होते, हजारो माणसं भुकेनं गेली. आणि त्याच दिवसांत विलेम डिके नावाच्या डॉक्टरच्या पाहण्यातली काही आजारी मुलं चक्क सुधारत होती!

आजार होता सिलिअ‍ॅक. फुगलेलं पोट, काड्या झालेले हातपाय, न थांबणारे जुलाब. आज आपल्याला माहीत आहे की यात गव्हातल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. माझ्या धाकट्या बहिणीला हाच आजार आहे. दर रविवारी आम्ही दोघं आठवड्याचा मेनू ठरवतो, त्यामुळे ही यादी आली कुठून याचा मला भारी नाद.

लंडनच्या सॅम्युएल जी यांनी १८८८ मध्येच लिहिलं होतं की हा बरा झाला तर आहारानंच होईल. त्यांचा एक छोटा पेशंट रोज हॉलंडचे शिंपले खाऊन टुणटुणीत झाला होता. शिंपल्यांचा मोसम संपला, पोरगं परत आजारी!

मग १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे सिडनी हास. त्यांनी पाव, बिस्किटं, बटाटे, सगळी धान्यं बंद केली आणि केळी सुरू केली. मुलं सुधारली. श्रेय कुणाला? केळ्याला! मंडळी, टेस्ट पास झाली, पण भलत्याच कारणानं. आणि हे नुसतं गमतीचं नाही. केळी हेच औषध म्हटल्यावर 'बरं' झालेलं मूल पुन्हा पाव खायला मोकळं. वरून ठणठणीत, आतून आतडं खराब होतंय.

आता डिके. दुष्काळात त्यांना अचानक साक्षात्कार झाला अशी गोष्ट सगळीकडे सांगतात. मला ती पटत नाही. गव्हावर त्यांचा संशय युद्धाआधीपासूनचा, १९४१ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलंही होतं. दुष्काळानं फक्त दुजोरा दिला. खरं काम नंतरचं, कंटाळवाणं. एक धान्य काढा, बघा, परत घाला, बघा. (आपण याला डीबगिंग म्हणतो. फक्त इथं परत गहू घालायचा म्हणजे पोराला मुद्दाम आजारी पाडायचं, हे वाचताना कसंसंच होतं.) सोबतीला वायर्स हे डॉक्टर आणि व्हान द कामर हे रसायनशास्त्रज्ञ. मुलांच्या शौचातली चरबी मोजायची. आतडं बिघडलं की चरबी शोषली जात नाही, बाहेर पडते. गहू किंवा राय दिली की आकडा वर. तांदूळ, मका दिला तर नाही. १९५० मध्ये उट्रेख्टला हा प्रबंध झाला, १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या गटानं ग्लुटेनवर बोट ठेवलं.

कारण कळल्यावर आमची यादी एकदम सोपी झाली. भात, ज्वारी, बाजरी, नाचणी, सगळं चालतं. केळं खाल्लं काय, न खाल्लं काय! पण गहू लपतोही. गिरणीत आधी गहू दळला असेल तर ज्वारीच्या पिठात तो आलाच, म्हणून आमच्याकडे घरघंटी. आणि हिंग! डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. फोडणी घालण्याआधी डबीमागची बारीक अक्षरं वाचायची. आमच्या डबीत आता तांदळाचं पीठवाला हिंग आहे.