कॅसेट कोणाची?

माझा धंदा रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा. बेळगावात शहापूर भागात वडिलांनी थाटलेले दुकान मी तीसएक वर्षे चालवले. १९९३-९४ च्या सुमारास टेपरेकॉर्डर आणि टीव्ही यांच्या जोडीला एक नवाच रोगी दुकानात येऊ लागला. मुले त्याला व्हिडिओ गेम म्हणत, त्यांचे आईवडील 'टीव्हीला लावायचे खेळणे' म्हणत. यंत्र बहुधा धडधाकट असे, दुखणे असायचे कॅसेटचे. कोणी कानडीत गाऱ्हाणे सांगे, कोणी मराठीत; पण कॅसेटला दोघेही कॅसेटच म्हणत. वास्तविक तिच्यात फीत नसते. प्लॅस्टिकच्या डबीत एक छोटी सर्किटची पाटी, तिच्यावर खेळ साठवलेली चिप आणि कडेला तांबूस पट्ट्यांची रांग, एवढाच तिचा संसार. मुले त्या पट्ट्यांवर फुंकर मारत. मी पेन्सिलीच्या खोडरबराने पट्ट्या घासून, स्पिरिटचा बोळा फिरवून त्या परत देई आणि फुंकर मारू नका, थुंकीच्या ओलाव्याने पट्ट्या खराब होतात, असे बजावून सांगे. कोणी ऐकले नाही.

हे सगळे आठवायचे कारण माझा भाचा. पुण्याला नोकरीला आहे. मागे आला तेव्हा त्याने निन्टेन्डोचे 'स्विच २' हे यंत्र आणले होते. ते जून २०२५ मध्ये बाजारात आले. त्याच्या एका खेळाचे नखाएवढे कार्ड मी हातात घेऊन पाहत होतो, तर तो म्हणाला, "मामा, त्यात गेम नाहीये. नुसती किल्ली आहे. गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा."

पैसे मोजून आणलेल्या डबीत माल नाही, फक्त किल्ली! मला पहिल्यांदा हसू आले. मग या धंद्याचा इतिहास जसजसा वाचत गेलो, तसे लक्षात आले की खेळ कशात साठवायचा हा प्रश्न इथे कधीच नुसता तांत्रिक नव्हता. साठवणीची वस्तू ज्याच्या हातात, तिजोरीही त्याच्याच हातात.

सुट्टी कॅसेट पहिल्यांदा आली १९७६ साली, अमेरिकेतल्या फेअरचाइल्ड कंपनीच्या 'चॅनल एफ' या यंत्राबरोबर. जेरी लॉसन या कृष्णवर्णीय इंजिनियरच्या हाताखाली ते काम झाले. त्याआधीच्या यंत्रांत खेळ यंत्रातच कोंडलेला असे. पुढच्याच वर्षी अटारीने आपले प्रसिद्ध यंत्र काढले आणि कॅसेटचा धंदा भरभराटीला आला. पण अटारीच्या यंत्राला दार होते, कुलूप नव्हते. १९७९ मध्ये तिथलेच काही प्रोग्रॅमर नाराज होऊन बाहेर पडले, 'अ‍ॅक्टिव्हिजन' नावाची कंपनी काढली आणि अटारीच्याच यंत्रासाठी स्वतःच्या कॅसेटी विकू लागले. अटारी कोर्टात गेली. १९८२ मध्ये तडजोड झाली. मग काय, ज्याला त्याला कॅसेटी काढायच्या होत्या. बाजार रद्दी मालाने भरला. खुद्द अटारीने 'ई.टी.' चित्रपटावरचा खेळ एका माणसाकडून पाच आठवड्यांत करून घेतला. न खपलेल्या कॅसेटी १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅलामोगोर्डोच्या कचराभूमीत पुरल्या गेल्या. ही दंतकथा आहे असे बरेच जण समजत. २०१४ मध्ये उकरून पाहिले तर खरोखरच निघाल्या. १९८३ मधली अमेरिकेतली सुमारे ३२० कोटी डॉलरची विक्री दोन वर्षांत १० कोटींच्या घरात आली.

हा धडा एका जपानी कंपनीने नीट गिरवला. निन्टेन्डो ही क्योटोची, १८८९ पासून पत्ते छापणारी पेढी. संस्थापकांच्या घराण्यातले हिरोशी यामाउची १९४९ पासून तिचे प्रमुख होते. १९८३ च्या जुलैत त्यांनी जपानात 'फॅमिकॉम' आणले. दोन वर्षांनी तेच यंत्र नव्या नावाने अमेरिकेत नेताना त्यात एक छोटी चिप बसवली. तिची जोडीदारीण प्रत्येक अस्सल कॅसेटमध्ये. यंत्र चालू असेपर्यंत दोघी एकमेकींशी संकेताने बोलत राहतात. उत्तर चुकले की यंत्र सेकंदा-सेकंदाला पुन्हा सुरू होते आणि पडदा लुकलुकत राहतो. कारागिरी म्हणून मला ती फार आवडते.

कुलपामागून अटी आल्या. कॅसेट निन्टेन्डोच बनवणार. बाहेरच्या कंपनीने वर्षाला पाचच खेळ काढायचे आणि तो खेळ दोन वर्षे दुसऱ्या यंत्रावर द्यायचा नाही. ठरावीक संख्येची मागणी नोंदवायची, पैसे आगाऊ भरायचे. माल पडून राहिला तर नुकसान खेळ काढणाऱ्याचे. निन्टेन्डोचा वाटा आधीच गल्ल्यात. अटारी गेम्स या कंपनीने ते कुलूप फोडायचे ठरवले. तिच्या वकिलांनी कोर्टाच्या कामाला हवा असे सांगून अमेरिकेच्या कॉपीराइट कचेरीतून चिपचा प्रोग्रॅम मिळवला, आणि १९९२ च्या निकालात ते सगळे अंगाशी आले. निन्टेन्डोचा हा कारभार सावकारी होता यात शंका नाही. तरी अ‍ॅलामोगोर्डोचा खड्डा आठवला की मी त्यांना सरसकट खलनायक म्हणू शकत नाही. रद्दी मालाला थोडा तरी आळा बसलाच.

आमच्या दुकानातल्या यंत्रांचा उगम इथेच आहे. जपानातल्या मूळ फॅमिकॉममध्ये ती कुलपाची चिप नव्हती. तैवानात त्याच्या नकला निघाल्या आणि जगभर पसरल्या. बेळगावच्या बाजारापर्यंतही आल्या. कॅसेटीवर 'लाखो खेळ एकात' असे छापलेले असे. एका दुकानदाराने माझ्या धाकट्या भावाला अशीच एक छातीठोकपणे विकली. खेळ निघाले मोजून सहा, तेच नावे बदलून आणि सुरुवातीची पातळी बदलून यादीत पुन्हा पुन्हा घातलेले. ती मी उघडली, तेव्हा आत चिप दिसेना. काळ्या लाखेसारखा एक थेंब, त्याखाली सगळे गाडलेले. दुरुस्तीची सोयच नाही.

१९८६ मध्ये निन्टेन्डोनेच जपानात वेगळा प्रयोग केला होता. फॅमिकॉमला जोडायचे चकतीचे यंत्र. चकतीवर ११२ किलोबाइट माल मावे. 'सुपर मारिओ'ची कॅसेट ४० किलोबाइटची होती. दुकानात एक यंत्र ठेवलेले असे. जुना खेळ कंटाळवाणा झाला की चकती घेऊन जायचे, ५०० येन द्यायचे, त्याच चकतीवर नवा खेळ लिहून घ्यायचा. मला हे वाचून आपल्याकडचे 'गाणी भरून मिळतील' असे लिहिलेले कॅसेटचे दुकान आठवले. पण चिपा भराभर स्वस्त आणि मोठ्या झाल्या, आणि चकतीचे कौतुक सरले. गंमत म्हणजे खेळ भरून देण्याची सेवा कंपनीने २००३ पर्यंत चालू ठेवली.

पुढे आली सीडी. निन्टेन्डोच्या पुढच्या यंत्रातली आवाजाची चिप सोनीच्या केन कुतारागी यांनी घडवली होती. त्या ओळखीतून १९८८ मध्ये दोन्ही कंपन्यांत सीडीवर चालणाऱ्या यंत्राचा करार झाला. यामाउचींना उशिरा उमगले की त्या करारानुसार सीडीवरच्या खेळांचे हक्क सोनीकडे जाणार. म्हणजे घर आपले आणि भाडे शेजाऱ्याला! जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने यंत्र जाहीर केले, आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने आपण फिलिप्सबरोबर जात असल्याचे सांगितले. ज्या फिलिप्सबरोबर सोनीने मूळ सीडी घडवली, तिच्याचबरोबर.

अपमान गिळून सोनीचे प्रमुख नोरिओ ओगा यांनी कुतारागींना स्वतंत्र यंत्र करायला सांगितले. ३ डिसेंबर १९९४ ला 'प्लेस्टेशन' आले. १९९५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या प्रदर्शनात सेगाने आपल्या यंत्राची किंमत ३९९ डॉलर सांगितली. सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, '२९९' एवढेच म्हणाले आणि खाली उतरले.

निन्टेन्डोने १९९६ च्या यंत्रातही कॅसेटच ठेवली. खेळ झटकन सुरू होतो, नक्कल अवघड, ही कारणे खरीच होती. पण त्या कॅसेटमध्ये जास्तीत जास्त ६४ मेगाबाइट मावत, सीडीत साडेसहाशे. सीडी छापायला स्वस्त, आणि माल संपला की थोड्या दिवसांत पुन्हा छापता येई. कॅसेटचे पैसे भरून आठवडेच्या आठवडे वाट पाहण्यापेक्षा खेळ काढणाऱ्यांना हे केव्हाही परवडणारे होते. स्क्वेअर ही कंपनी वर्षानुवर्षे निन्टेन्डोच्या अंगणात वाढलेली. तिने 'फायनल फँटसी'चा सातवा भाग १९९७ मध्ये तीन सीडींवर प्लेस्टेशनसाठी काढला. शेवटी प्लेस्टेशनचा खप १० कोटींवर गेला, निन्टेन्डोचे यंत्र सव्वातीन कोटींच्या आसपास राहिले. अर्थात सोनी काही धर्मादाय संस्था नव्हती. तिच्या सीडीतही गुप्त खूण होती, प्रदेशवार वेगळी, आणि प्रत्येक चकतीमागे वाटाही होता. फक्त तो वाटा खेळ काढणाऱ्यांना पेलणारा होता.

त्यानंतर डीव्हीडी, ब्लू-रे आणि आता यंत्राच्या पोटातली साठवण. 'प्लेस्टेशन ५' ८२५ गिगाबाइट घेऊन आला, तरी भाचा म्हणतो जागा पुरत नाही. एकेक खेळ शंभर गिगाबाइटचा. नवा घालायचा तर जुना पुसा. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेली चकती दुसऱ्याला देण्यावर बंधने घालायचे ठरवले तेव्हा गिऱ्हाइकांनी असा गिल्ला केला की काही दिवसांत माघार घ्यावी लागली. मार्च २०२३ मध्ये निन्टेन्डोने आपल्या दोन जुन्या यंत्रांसाठीची इंटरनेटवरची दुकाने नव्या खरेदीला बंद केली. केवळ तिथेच मिळणारे खेळ त्या दिवसापासून सरळ मार्गाने विकत मिळेनासे झाले. भाच्याच्या किल्लीच्या कार्डाबद्दल न्याय करायचा तर ते दुसऱ्याला देता येते, विकताही येते. पण खेळ उतरवायचे कोठार कंपनीचे, आणि ते किती वर्षे उघडे राहील हे कंपनीच्या मर्जीवर.

आमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत भावाचे यंत्र अजून आहे. भाचा जायच्या आदल्या रात्री आम्ही ते खाली काढले. सहा खेळांची ती लबाड कॅसेट लावली, पडद्यावर नुसती पट्टी आली. मी खोडरबर शोधायला आत वळलो, तोवर त्याने कॅसेट उपसली आणि तोंडाशी नेऊन जोरात फुंकर मारली. त्याला हे कोणी शिकवले कोण जाणे. यादी आली. त्याने पहिलाच खेळ लावला.